भरती-ओहोटीच्या चौकटीखाली आणखी एक ओळ छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडे पंचवीस-तीस वर्षं येतोय आणि आमच्या घरात तो पहिल्यांदा आतल्या पानावर उघडतात, कारण तिथे भरती-ओहोटीच्या वेळांची चौकट असते. धाकट्या दिरांना खाडीवर गरवायला जायचं असतं, त्यांचा दिवस त्या चार आकड्यांवर ठरतो. मला त्या चौकटीखाली आणखी एक ओळ हवीय. हवेत सध्या बुरशी कमी आहे की जास्त आणि कुठलं गवत, कुठलं झाड फुलोऱ्यावर आलंय, एवढंच. तेवढ्यासाठीच हे पत्र. लांबलंय ते मला माहितीय, जागा नसेल तर कापा, पण डेन्व्हरचा भाग तेवढा ठेवा कारण मला जे कळलं ते तिथे गेल्यावर कळलं.

मी गुहागर तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका, वय ६३. घर चिऱ्याचं, कौलारू, मागे नारळ-पोफळीची वाडी, पुढे दहा मिनिटं चाललं की सुरूचं बन आणि समुद्र. पाहुणे येतात आणि म्हणतात काय हवा आहे हो तुमच्याकडे! पण याच हवेत मी २२ पावसाळे रात्रीचे बसून काढलेत, आडवं झालं की छातीत सुं सुं सुरू व्हायचं, मग भिंतीला उशी लावून बसायचं आणि कौलांवरचा पाऊस ऐकत सकाळ व्हायची वाट बघायची.

आषाढात कोकणातल्या घरात काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मिठाला पाणी सुटतं, पापड लवतात, काडेपेटी पेटत नाही, माजघरात दोरीवर टाकलेली कपडे तीन दिवस वाळत नाहीत आणि वाळली तरी कुबट वास जात नाही. आमच्या ह्यांच्या चामड्याच्या चपला पावसाळाभर ओटीवरच्या बाकाखाली असतात. त्यांच्यावर आधी पांढरी लव येते, अगदी कापसाच्या तंतूसारखी, बोटाने दाबली तर ओली लागते, आणि दोन दिवसांनी त्याच लवीला मधून मधून हिरवट-राखाडी पूड धरते. एका वर्षी मी वाकून फडक्याने ती पूड पुसली, फडकं अंगणात झटकलं आणि तिथल्या तिथे शिंकांची माळ लागली, चौदा-पंधरा तरी असतील, डोळे लाल, टाळूला खाज, आणि रात्री धाप. तरीसुद्धा चपला आणि धाप यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही हो. मी पावसाला दोष दिला. सगळे देतात तसाच.

घरचे म्हणायचे हवा मानवत नाही. शेजारच्या काकी म्हणायच्या दही बंद कर, केळं बंद कर, अडुळशाचा रस घे. सगळं केलं. एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही, ते डॉक्टर मनाने चांगले होते) दरवर्षी जून ते सप्टेंबर एक छोटी गोळी मिळायची, घेतली की दोन दिवसांत उभी राहायचे. ती स्टेरॉइडची होती हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, साखर वाढल्यावर आणि मनगट मोडल्यावर. तपासणी करू, कशाची ऍलर्जी आहे बघू, असं त्या २२ वर्षांत एकदाही कोणी म्हणालं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण दमा म्हणजे दमा, त्यात बघायचं काय असंच वाटायचं.

लेक डेन्व्हरला असते. अमेरिकेच्या मधोमध, रॉकी पर्वताच्या पायथ्याला. मी २०१८ मध्ये पहिल्यांदा गेले, मे ते सप्टेंबर. तिथल्या सरकारी भवनाच्या पायरीवर कोरलंय की ही पायरी समुद्रसपाटीपासून बरोब्बर एक मैल उंच आहे, म्हणजे १६०९ मीटर. मी भूगोल शिकवलेली बाई, माझ्या लगेच डोक्यात आलं की आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे लाखो लोकांचं आख्खं शहर जवळजवळ कळसूबाईच्या डोक्याएवढ्या उंचीवर वसलंय, महाबळेश्वरपेक्षाही अडीचशे मीटर वर. हवा विरळ, पहिले चार दिवस जिना चढताना दम लागला, नाकातून रक्तसुद्धा आलं, ओठ फुटले. आणि पाऊस म्हणजे वर्षभराचा मिळून साडेतीनशे-पावणेचारशे मिलिमीटर, आमच्याकडे जुलैतल्या एका झडीच्या आठवड्यात तेवढा पडून जातो.

आणि संपादक साहेब, माझी छाती गप्प झाली. पाच महिने एकदाही दम्याचा पंप घ्यावा लागला नाही. आषाढ-श्रावण मी तिथे आडवी झोपून काढला. फोनवर मी इथे सगळ्यांना सांगत सुटले की बघा, हवापालट म्हणतात तो हाच.

ती कल्पना आपल्याकडे जुनीच आहे म्हणा. घाटावर जा, कोरडी हवा घ्या, असं आमच्या आजेसासूबाईंच्या काळातले वैद्यसुद्धा सांगायचे, पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये क्षयाच्या रोग्यांसाठी बेल-एअर काढलं ते त्यासाठीच. डेन्व्हरचंही तसंच, एकेकाळी क्षयाचे रोगी रेल्वेने तिथे लोटायचे, त्यांच्यासाठी १८९९ मध्ये सुरू झालेलं नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल अजून आहे आणि आता तिथे दम्या-फुप्फुसाचे पेशंट जगभरातून येतात.

मला बरं का वाटलं त्याचं कारण नंतर समजलं. धुळीतले माइट्स असतात, कोळ्याच्या जातीचे बारीक जीव, मिलिमीटरचा एक तृतीयांश एवढे, गादी-उशीत राहतात, आपल्या कातडीचा कोंडा खातात. त्यांना पाणी प्यायचं तोंड असं नाही, हवेतली ओल अंगात ओढून घेतात, आणि हवा कोरडी झाली, दमटपणा पन्नास टक्क्यांच्या खालीच राहायला लागला, की हळूहळू मरतात. उंचावरच्या कोरड्या शहरात ते म्हणूनच फार टिकत नाहीत. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्के, म्हणजे त्यांची दिवाळीच की. लेकीच्या ओळखीत एक नागपूरकडचं कुटुंब आहे, त्यांनी घरच्या सवयीने पाण्याचा कूलर लावून घेतला (तिथल्या जुन्या घरांत असतातच ते), दिवसरात्र चालवायचे, तर त्यांच्या मुलाच्या ऍलर्जीच्या टेस्टमध्ये नेमके माइट्स निघाले. डॉक्टर म्हणाले घरात तुम्हीच दमट हवा केलीत.

मग २०२३ मध्ये परत गेले, तशीच मे महिन्यात, खुशीत. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात शिंका सुरू. इथल्यासारख्या नाहीत, वेगळ्याच. छाती स्वच्छ, पण डोळ्यांना अशी खाज की बुबुळं काढून धुवावीत, नाकातून पाण्याची धार, कानाच्या आत खाज. त्याच दिवसांत तिथे कॉटनवुड नावाच्या झाडांचा कापूस उडत असतो, आपल्या सावरीचा उडतो ना अगदी तसा, रस्त्याच्या कडेला ढीग साचतात, नातू त्यात पाय घालून खेळायचा. मी त्याला ओढून आत आणलं आणि सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या. गाडीच्या काचेवर पिवळी पूड बसायची ती वेगळीच, ती पाइनची, तिचीही मला भीती बसली.

दवाखान्यातली नर्स माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली की हा कापूस तुमचा गुन्हेगार नाही. कापूस म्हणजे बी, परागकण नाही. त्या झाडाचे पराग वसंतात, कापूस उडायच्या कितीतरी आधी उडून गेलेले असतात. पाइनची पिवळी पूड पराग आहे खरी, पण कण मोठा आणि जड, लोकांना तिचा त्रास त्या मानाने कमी होतो. तुम्हाला त्रास देतंय ते गवत, ते याच पंधरवड्यात फुलतं आणि त्याचे पराग डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक घरापुढे हिरवळ, रोज पहाटे फवारे सुरू, त्या कोरड्या मुलखात एवढं गवत माणसांनीच आणून लावलंय आणि त्याच्या परागांवर सगळं शहर शिंकतंय.

आणि पहिल्या खेपेला का नाही झालं, हे मी विचारलं. तर म्हणे नव्या परागाची ओळख पटायला शरीराला एखाददोन मोसम लागतात. पहिल्यांदा शरीर नुसतं नोंद करून ठेवतं, पुढच्या वेळी भांडतं. नव्या गावात गेलेला माणूस पहिलं वर्ष-दोन वर्षं म्हणतो इथे मला काही होत नाही, आणि मग तिथलंही सुरू होतं. म्हणजे माझा हवापालट नेमका एका खेपेपुरताच होता! मुलाबाळांना दमा आहे म्हणून घरदार विकून पुण्याला जायच्या गोष्टी आमच्याकडे अजून बोलतात, त्यांनी हे एवढं तरी लक्षात घ्यावं असं मला फार वाटतं. जागा बदलली की नुसती कारणं बदलतात, शरीर तेच असतं.

हे भांडण शरीरात कोण लावतं ते शोधलं गेलं तेही त्याच शहरात, हे मला जावयांनी सांगितलं आणि मी थक्क झाले. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी जोडपं डेन्व्हरमधल्या दमेकरी मुलांच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करायचं, १९६६ मध्ये त्यांनी रक्तातला तो घटक पकडला, आज लॅबच्या रिपोर्टवर आयजीई म्हणून लिहिलेला असतो तोच. त्यासाठी रक्त घेतलं होतं रॅगवीडने शिंकणाऱ्या लोकांचं, आणि टोचून बघायला स्वतःचं अंग वापरलं. रॅगवीड म्हणजे तिथलं रानगवत, आपल्या गाजरगवताच्या कुळातलं, ऑगस्टपासून थंडीचा पहिला कडाका पडेपर्यंत उडत असतं. आपलं गाजरगवत पुण्याकडे १९५०च्या दशकात पसरायला लागलं आणि आता आमच्या एसटी स्टँडच्या मागेही आहे.

पण खरी गोष्ट ऑक्टोबरातली. तिकडे झाडं पिवळी-तांबडी होतात, फोटोत आपण बघतो तसंच, आणि मग एका आठवड्यात सगळा पाला खाली. शनिवारी सगळी माणसं पाला ओढायला अंगणात उतरतात. मी पण दाताळं घेतलं, मला वाडीतल्या कामाची सवय. वरचा थर कुरकुरीत, हलका. खालचा थर फवाऱ्याच्या पाण्याने भिजून काळा पडलेला, पानाला पान चिकटलेलं, उचललं की मधे पांढरे धागे ताणले जायचे. आणि वास! डोळे मिटले असते तर मी आमच्या वाडीत पातेऱ्याच्या ढिगाशीच उभी होते. तोच वास, भिजलेल्या पातेऱ्याचा, आणि चपलांच्या बाकाखालचाही. अर्ध्या तासात छातीत सुं सुं. पाच वर्षांपूर्वी ज्या शहरात माझी छाती गप्प झाली होती त्याच कोरड्या शहरात, कळसूबाईएवढ्या उंचीवर, मी परत भिंतीला उशी लावून बसले. पाऊस नव्हता, दमट हवा नव्हती, दही खाल्लेलं नव्हतं. बुरशी होती.

त्या रात्री मला पहिल्यांदा ते सरळ दिसलं.

लेक म्हणाली आई, इथे मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतो ना तेव्हाही हे होतं, बर्फाखाली दबलेल्या गवतावर बुरशी धरते आणि बर्फ गेला की उघडी पडते, आम्ही फोनवर बघूनच बाहेर जातो. तिच्या फोनवर सकाळी हवामानाखालीच ओळ असते, झाडांचे पराग कमी, गवत जास्त, रानगवत मध्यम, बुरशी जास्त. तो शनिवार कसा होता बघितलं तर बुरशी जास्तच दाखवत होती. मी आधी वाचलं असतं तर दाताळं हातात घेतलंच नसतं, किंवा तोंडाला मास्क तरी बांधला असता.

परत आल्यावर जानेवारी २०२४ मध्ये कोल्हापूरला जाऊन टेस्ट केली. आधी आठवडाभर ऍलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात, मग हातावर पेनने खुणा करून एकेक थेंब टाकतात, त्यातून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. खाजवायचं नाही, हीच मोठी शिक्षा. माझ्या हातावर अल्टरनेरिया नावाच्या बुरशीची गांधी सगळ्यात मोठी, मग ऍस्परजिलस, तीही बुरशीच, मग माइट्स, मग गवत. आंब्याच्या मोहोराचाही थेंब होता, मुद्दाम विचारून घातला होता कारण मोहोर आला की मी दरवर्षी शिंकते आणि दरवर्षी मोहोराला शिव्या घालते. तिथे काहीच नाही उठलं. साधी त्वचा.

मला त्या मोहोराबद्दल खरंच वाईट वाटलं. मोहोराचे पराग चिकट, त्यांना माश्या-किडे इकडून तिकडे नेतात, ते वाऱ्यावर फारसे लांब जात नाहीत. ज्या फुलांना रंग-वास असतो ती बहुतेक अशीच असतात. वाऱ्यावर पराग सोडतात ती गवतं, सुरूसारखी झाडं, ज्यांचं फूल फूल म्हणून आपण कधी बघतच नाही. मोहोराच्या दिवसांत बागांतून फवारण्या असतात, पहाटे गारठा असतो, त्याने नाक चिडत असेल. पण गावात कोणालाही विचारा, तो मोहोरावर बोट ठेवेल, कारण मोहोर दिसतो आणि त्याचा वास येतो. जसं मी डेन्व्हरला कापसावर ठेवलं होतं तसंच. बऱ्याच बुरशांचा बीजाणू, म्हणजे त्यांची हवेत उडणारी बारीक बी, परागापेक्षाही कितीतरी लहान, म्हणून तर पराग नाकाडोळ्यांत अडकतो आणि बीजाणू पार छातीत जातो. न दिसणारी गोष्ट आपण नुसत्या अंदाजाने कशी ओळखणार, ती कोणीतरी मोजूनच सांगायला पाहिजे ना?

तेव्हापासून मी वही ठेवलीय. शाळेची हजेरी ठेवायचे तशी. रोज सकाळ-संध्याकाळ शिंका किती, पंप किती वेळा, आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवशी आजूबाजूला काय चाललंय. दोन पावसाळे भरले. ही एका बाईची वही आहे, याने काही सिद्ध होत नाही, पण तिच्यात जे दिसतं ते माझ्या मनात कधीच नव्हतं. मला वाटायचं माझा त्रास सगळा पावसाचा. तर जूनमध्ये मी बरी असते! त्रास सुरू होतो तो जुलैच्या मध्यापासून, घर आतून भिजल्यावर. मग भाद्रपदात पाऊस उघडतो, गणपतीला मुंबईकर येतात, सगळे म्हणतात आता हवा सुटली, आणि त्याच दिवसांत सड्यावरचं गवत फुलोऱ्यावर येतं, फोटो काढायला लोक जातात आणि माझे डोळे चुरचुरायला लागतात. मग भातकापणी. कापणी नाही पण झोडणी-मळणी चालू असली की खळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याने माझी रात्र खराब, दोन्ही वर्षी, बरोब्बर. भाताच्या पेंढ्यावर अल्टरनेरिया-क्लॅडोस्पोरियम असल्या बुरशा असतातच, झोडलं की उडतात. ओला राहिलेला पेंढा उडवीत रचला तर आत गरम होऊन आणखी वेगळे जंतू वाढतात, त्याच्या धुळीने शेतकऱ्याचं फुप्फुस कायमचं खराब होऊ शकतं, त्याला शेतकऱ्याचं फुप्फुस असंच नाव आहे. आमच्या वाडीत उडवी फोडल्यावर ताप-खोकला येणारे दोघेतिघे आहेत आणि तेही सगळे गारठ्यालाच दोष देतात.

आणि पावसाचं सुद्धा एकच एक नाही. काही बुरशा कोरड्या वाऱ्याच्या दुपारी उडतात, काही उलट पाऊस पडून गेल्यावरच बीजाणू सोडतात, मुसळधार पाऊस हवा धुऊनही काढतो. म्हणून पाऊस आहे म्हणजे जपा आणि उघडलाय म्हणजे मोकळे फिरा, हा आपला हिशेब चुकतो.

आता मागणीचं बोलते. मोजायला फार मोठं काही लागत नाही. एक यंत्र असतं, गच्चीवर ठेवायचं, मिनिटाला दहा लिटर हवा आत ओढतं, साधारण आपण श्वास घेतो तेवढीच, आत चिकट पट्टी हळूहळू फिरत असते, हवेतलं सगळं तिच्यावर चिकटतं. पट्टी काढायची, मायक्रोस्कोपखाली धरायची आणि शिकलेल्या माणसाने मोजायचं. वेळ लागतो, डोळे दुखतात, पण ही काही रॉकेट उडवण्याची गोष्ट नाही. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलने आणि पंजाब विद्यापीठाच्या लोकांनी त्यांच्या शहराचं परागांचं कॅलेंडर केलंय, कुठल्या महिन्यात कुठले पराग, त्यावर तिथले डॉक्टर आणि पेशंट आपापलं बघतात. आमच्याकडे दापोलीला १९७२ पासूनचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, बुरशी ओळखणारी माणसं तिथे जेवढी आहेत तेवढी दुसरीकडे कुठे असतील? आता रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग सगळीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत. गावोगावच्या सायन्स कॉलेजांत बॉटनीची मुलं प्रोजेक्ट शोधत असतात. या सगळ्यांनी एकत्र बसायचं ठरवलं तर दोन वर्षांत कोकणचं कॅलेंडर होईल.

तुमच्याच पेपरात आंब्यावर भुरी पडायची शक्यता असली की बातमी येते, कुठली फवारणी कधी घ्यायची ते येतं, भातावर करपा आला तर येतं. ते यायलाच पाहिजे, घरं त्यावर चालतात, आमचंही चालतं. भुरी आणि करपा म्हणजे तरी काय, बुरशीच. मोहोराला बाधणारी बुरशी आपण तारीखवार सांगतो तर माणसाला बाधणारी का सांगू नये? ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नोव्हेंबर २०१६ मध्ये एका संध्याकाळी वादळ झालं, गवताचे पराग ओलाव्याने फुटून त्यांचा भुगा वाऱ्यात मिसळला, हजारो माणसं एकाच रात्री धापा टाकत दवाखान्यांत आली आणि दहा जण गेले. पुढच्याच वर्षापासून तिथे असल्या वादळाचा इशारा द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे असं कोणी मेलं तर दाखल्यावर दमा एवढंच लिहिलं जाईल आणि लोक म्हणतील पावसाने घात केला.

मोजणी सुरू व्हायला वेळ लागणार हे मला कळतं. तोपर्यंत एक गोष्ट तुम्ही नक्की करू शकता. आठवड्यातून एकदा दापोली, गुहागर, देवगड, सावंतवाडी अशा चार-पाच ठिकाणच्या माणसांकडून विचारून घ्या, गवत फुललंय का, मळणी चालू आहे का, सुरूला फुलोरा आहे का, पातेरा जमवणं चालू आहे का, भाजावळी सुरू झाल्या का, आणि तेवढं चौकटीखाली छापा. हे सांगायला मायक्रोस्कोप लागत नाही, आमच्या दिरांनाही सांगता येईल.

जाता जाता, मला ज्याने फरक पडला ते लिहिते, कोणाला उपयोग झाला तर होईल. कापसाची गादी काढली, उशांना माइट्स आत जाणार नाहीत असे कव्हर घातले, चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात, साठ डिग्रीच्या आसपास. उघडीप मिळाली की गोधड्या उन्हात. ओले कपडे माजघरात वाळत घालणं बंद, मागच्या पडवीत दोरी लावली. चपला-पट्ट्यांना हात लावायचा तो ह्यांनी, अंगणात, आणि मास्क लावून. आणि पंप. पंपाची सवय लागते म्हणून लोक टाळतात आणि गोळ्या खातात, मी बावीस वर्षं तेच केलं. पंपातल्या रोजच्या औषधाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, थेट छातीत जातो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये, हजारपट मोठं माप आणि ते सगळ्या अंगात फिरतं. डॉक्टरांना विचारा, पण विचारा. तुमच्या छातीत कशामुळे वाजतंय हे तपासायला सांगा.

माझ्या वहीची झेरॉक्स करून सोबत जोडलीय, दोन्ही वर्षांची, अक्षर शाळामास्तरणीचं आहे तेव्हा वाचता येईल. दापोलीच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या कोणाला ती हवी असेल तर खुशाल द्या. वाचकांपैकी कोणी अशा नोंदी ठेवत असतील तर त्यांनीही तुमच्याकडे पाठवाव्यात असं दोन ओळींचं आवाहन या पत्राखाली घाला, माझी विनंती आहे. सड्यावरचं गवत या वर्षी लवकर फुलायला लागलंय, कालच दिरांनी सांगितलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. गुहागर, जि. रत्नागिरी